एक उत्तर मागे घ्यायला

जालना

जालन्याला कशासाठी चाललात, असं नगरच्या स्टँडवर शेजारच्या बाकावरच्या गृहस्थांनी विचारलं, तेव्हा मी नुसतं ‘कामासाठी’ म्हणालो. त्यांनी पुढे विचारलं नाही ते बरं झालं. सदुसष्ट वर्षांचा निवृत्त पाळक, हातात कापडी पिशवी, तीत दोन शर्ट, रक्तदाबाच्या गोळ्या आणि खारीचा पुडा. अशा माणसाचं जालना जिल्ह्यात काय काम असणार? खरं सांगितलं असतं तर त्यांनी जागाच बदलली असती. तेहतीस वर्षांपूर्वी एका बाईला मी एक उत्तर दिलं होतं. ते मागे घ्यायला मी निघालो होतो.

शनिवारी दुपारी जालन्यात उतरलो आणि स्टेशनजवळच्या एका लॉजवर खोली घेतली. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. दुपारी ऊन चटके देत होतं आणि पाच वाजता एकदम गार वारा सुटला. रस्त्यावर मोसंबीच्या गाड्या ओळीनं लागल्या होत्या. नगरला आम्ही मोसंबी आजाऱ्याला भेटायला जाताना घेतो. इथे माणसं ती उभ्या-उभ्या, गप्पा मारत, सालं खाली टाकत खातात. मीही दोन खाल्ली. गाडीवाला म्हणाला, “बाबा, आजून घ्या की, गोड हायत.” माझ्याशी त्या दिवशी कुणी एवढंच बोललं.

रविवारी सकाळी उपासनेला जायचं ठरवलं होतं. त्याआधी नाश्त्याला एका छोट्या हॉटेलात शिरलो आणि पाटी वाचून दारातच थबकलो. पाटीवर खडूनं लिहिलं होतं: गरम सुशीला.

मराठवाड्यात भिजवलेले मुरमुरे कांदा-मिरचीच्या फोडणीत पोह्यांसारखे करतात, त्याला सुशीला म्हणतात. माझ्या बायकोचंही नाव सुशीला. लग्नानंतर माझी नेमणूक या जिल्ह्यात झाली, तेव्हा शेजारच्या बायका तिला चिडवायच्या. “पाळकसाहेब रोज सुशीला खात्यात का वो?” सुशीला लाजून घरात पळायची. मग स्वतःच शिकून आली आणि पुढची तीस वर्षं दर शनिवारी आमच्या घरी सुशीला झाली. ती गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून घरात मुरमुरे आले नाहीत.

मी एक प्लेट मागवली. मुरमुरे मऊ, वर शेंगदाण्याचा कूट, बाजूला लिंबाची फोड. चव बरोबर तशीच होती. अर्धी प्लेट संपवायला मला पाऊण तास लागला.

चर्चमध्ये मी शेवटच्या बाकावर बसलो. मला कुणी ओळखलं नाही. पाळक तरुण होता, आवाज खणखणीत. प्रवचन तारणावर होतं. ज्यांनी स्वीकारलं त्यांच्यासाठी सार्वकालिक जीवन, ज्यांनी नाकारलं त्यांच्यासाठी सार्वकालिक अग्नी. मधे दार, आणि ते दार मेल्यावर उघडत नाही. एकही वाक्य मला नवं नव्हतं. मीच अशी शेकडो प्रवचनं दिली आहेत. हातवारेसुद्धा माझेच वाटत होते.

इथे थांबून मागचं थोडं सांगायला हवं.

माझी ती पहिलीच नेमणूक होती. वाटूर आणि आसपासच्या गावांत आमच्या लोकांची मोजकीच घरं होती. दर रविवारी मी आणि सुशीला वाटूरला जायचो आणि एका पत्र्याच्या खोलीत उपासना घ्यायचो. तिथे एस्तेर नावाची बाई नेमानं यायची. गावात तिला सगळे इस्तरबाई म्हणत. ती जालन्याची, आमच्यातलीच. पण लग्न केलं ते वाटूरच्या किसन नावाच्या गवंड्याशी. तो हिंदू होता. बायकोला सायकलवरून सोडायला यायचा, बाहेर कडुलिंबाखाली बसायचा आणि उपासना संपली की परत घेऊन जायचा. मी त्याला दोनदा आत बोलावलं होतं. तो हसून म्हणायचा, “मी हितं बराय साहेब, ऐकू येतंय.”

एका उन्हाळ्यात गावालगतच्या विहिरीत इंजिनाचा धूर कोंडला आणि आत उतरलेले दोघे बेशुद्ध पडले. किसन जवळच भिंत बांधत होता. कमरेला दोर बांधून तो उतरला. एकाला वर काढलं. दुसऱ्याला आणायला परत उतरला, तो वर आला नाही.

तिसऱ्या दिवशी मी आणि सुशीला भेटायला गेलो. घर माणसांनी भरलेलं होतं. इस्तरबाईच्या मांडीवर तीन वर्षांची मुलगी होती. सगळ्यांदेखत तिनं मला विचारलं, “पाळकसाहेब, किसन कुठं हाय?”

मी चौतीस वर्षांचा होतो. धर्मशिक्षणाची पदवी ताजी होती. गोल गोल बोलणं म्हणजे भित्रेपणा, असं मला शिकवलं होतं आणि मलाही ते पटलं होतं. मी म्हणालो, “ज्यानं प्रभूचं नाव घेतलं नाही त्याच्यासाठी दार बंद आहे, बाई. त्याचं आता काही करता येणार नाही. तुम्ही तुमच्या आणि लेकीच्या आत्म्याची काळजी घ्या.”

सुशीलानं माझं कोपर दाबलं होतं. मी थांबलो नाही. पुढच्या रविवारपासून इस्तरबाई आली नाही. वर्षभरानं माझी बदली झाली.

त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. गेल्या वर्षी हॉस्पिटलात, एका दुपारी, सुशीला डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपलीय. ती म्हणाली, “त्या वाटूरच्या बाईला तुम्ही तसं का सांगितलंत?”

मी म्हणालो, “शास्त्रात आहे तेच सांगितलं.”

“शास्त्रात असेल. तुम्हाला माहीत होतं का?”

तीन आठवड्यांनी ती गेली. मातीला आलेला प्रत्येक माणूस मला म्हणाला, ती प्रभूजवळ आहे. मीही आयुष्यभर लोकांना हेच म्हणत आलो होतो. आता ते ऐकताना माझ्या लक्षात आलं, की सुशीला तिथे आहे हे मी ज्या तोंडानं म्हणणार, त्याच तोंडानं किसन तिथे नाही असं मी सांगितलं होतं. दोन्हींपैकी एकही गोष्ट मी पाहिलेली नव्हती.

काही महिन्यांनी नगरच्या आमच्या चर्चमध्ये माझी प्रवचनाची पाळी आली तेव्हा मी हे मंडळीसमोर बोललो. नरकाबद्दल मी जे शिकवलं ते मला ठाऊक नव्हतं, असं म्हणालो. पंचांनी घरी येऊन चहा घेतला आणि फार प्रेमानं सांगितलं, की मी आता विश्रांती घ्यावी. त्यानंतर फोन वाजायचा थांबला. रविवारी मागच्या बाकावर बसलो की माझ्या शेजारची जागा रिकामी राहते. हे कुणी मुद्दाम करतं असं नाही. तसं होतं, एवढंच.

वाटूर

सोमवारी सकाळी मंठ्याकडे जाणाऱ्या एसटीत बसलो. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता आणि तुरीला पिवळी फुलं आली होती. शेजारी एका बाईंनी टोमॅटोची टोपली माझ्या पायाशी ठेवली. वाटूर फाट्याला उतरायला उठलो, तोच ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, मी पुढे गेलो आणि मागे आलो तो थेट टोपलीत बसलो. उतरलो तेव्हा माझी पांढरी पँट मागून लालभडक होती.

फाट्यावरून गावात शिरताना माणसं वळून बघत होती. एका टेलरच्या दुकानातून पांढऱ्या दाढीचा माणूस मशीन थांबवून धावतच बाहेर आला.

“अरे साहेब, ह्ये काय झालं? कुठं लागलं?”

“टोमॅटो आहेत,” मी म्हणालो.

तो खो खो हसला. “मंग काहाडा ती. ही लुंगी घ्या. पोरगी धुऊन टाकती, घंटाभरात वाळंल.”

आयुष्यात पहिल्यांदाच मी लुंगी नेसलो. हिरव्या चौकड्यांची, सारखी सुटत होती. एका हातानं ती धरून मी स्टुलावर बसलो. आमच्याकडे पाहुण्याला पाणी हवं का विचारतात. इथे विचारण्याआधीच तांब्या पुढे येतो, पाण्यामागोमाग चहा येतो, आणि मगच माणसाला त्याचं गाव विचारतात. टेलरचं नाव निसारभाई. मी गाव सांगितलं, आणि मग इस्तरबाई इथेच राहतात का, असं विचारलं.

निसारभाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

“तुमी त्ये पाद्रीसाहेब का? पत्र्याच्या खोलीतले?”

“हो.”

त्यांनी मशीनवरचा कपडा बाजूला सारला. मग म्हणाले, “किसननं हिरीतून वर काहाडला त्यो माझा भाऊ. मोठा. पुढं पंचवीस साल जगला. त्याची पोरं, नातवंडं, समदी किसननं दिलेली हायत.”

मला ते माहीत नव्हतं. मी या गावात वर्षभर आलो-गेलो, आणि किसननं ज्याला वर काढलं त्याचं नावसुद्धा कधी विचारलं नव्हतं.

“त्या दिवशी मी दारात उभा व्हतो,” निसारभाई म्हणाले. “तुमी जे बोल्ला ते ऐकलं. आमच्यातबी एक जण तसंच बोलला, की त्यो आपल्यातला न्हवता, त्याला काय मिळणार. मी त्याला म्हणलं, चाचा, मालकाचं काम मालकाला करू द्या. आपण बिलकुल मधी पडायचं न्हाई.”

“मला तेव्हा कुणी असं सांगितलं नाही,” मी म्हणालो.

“तुमाला कोन सांगणार? तुमी साहेब व्हता.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. इस्तरबाई आठ वर्षांपूर्वी लेकीकडे, सुनीताकडे, धावड्याला गेली, असं त्यांनी सांगितलं. धावडा म्हणजे भोकरदन तालुक्यात, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. पत्र्याची खोली पडली होती. तिथे आता मोबाईलचं दुकान आहे, लिंब मात्र आहे. वाळलेली पँट घालून मी तो लिंब बघून आलो. खाली मोटारसायकली लावल्या होत्या.

निघताना निसारभाई म्हणाले, “तुमी कशापायी चाल्लात ते मी विचारत न्हाई. पण तिला परत काई सांगाया जाऊ राह्यले असाल, तर इथूनच माघारी जा.”

धावडा

मंगळवारी भोकरदनवरून पुढे निघालो. त्या बाजूला जिल्ह्याचं रूप बदलतं. सपाट काळं रान संपून जमीन उंचसखल होते आणि उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर निळे दिसायला लागतात. मिरचीचा मुलूख आहे हा. रस्त्याकडेला, अंगणात, गच्चीवर, जिथे जागा मिळेल तिथे लाल मिरची वाळत घातलेली. गाडीच्या खिडकीतून वास आत यायचा आणि सगळी गाडी एकदम शिंकायची.

सुनीताचं घर विचारत गेलो. तीन वर्षांची मुलगी माझ्या डोक्यात होती. समोर छत्तीस वर्षांची, कमरेला पदर खोचलेली बाई आली. मी कोण हे तिला कळलं नाही. आईच्या ओळखीचा, एवढंच मी सांगितलं. तिनं अंगणाकडे बोट केलं.

तिथे पोत्यावर बसून एक म्हातारी वाळल्या मिरच्यांचे देठ मोडत होती. केस पांढरेशुभ्र, हात मात्र भराभर चालत होते. मी समोर उभा राहून नमस्कार केला आणि माझं नाव सांगायला लागलो.

“नाव नका सांगू,” ती म्हणाली. “डोळ्याला कमी दिसतंय. आवाज त्योच हाय. बसा.”

मी समोर बसलो. वाटेत मनाशी घोकलेलं सगळं एका दमात बोललो. त्या दिवशी मी जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. मी ते सांगायला नको होतं. माणूस एका क्षणाच्या मरणानंतर कायमचा जळत राहतो, हे आता मला खरं वाटत नाही. मी माफी मागायला आलो आहे.

तिचे हात थांबले नाहीत. देठ मोडता मोडता ती म्हणाली.

“तुमाला वाटलं, मी रागानं यायचं सोडलं?”

“हो.”

“रागावले न्हवते. तुमी सांगितलं ते मी खरं धरलं. तुमी शिकलेले, तुमाला ठावं असणार. मंग मी इचार केला. किसन तिथं येकटा. त्या माणसाला येकट्याला घास जात न्हवता वो. मी माहेरी गेले तर शेजारच्याला बोलवून जेवायचा. त्याला तिथं येकट्याला कसं ठिवायचं? मी ठरवलं, आपुणबी तिकडंच जायचं. म्हणून उपासनेला यायचं, प्रभुभोजन घ्यायचं सोडलं. सुनीताचा बाप्तिस्मा केला न्हाई, तिला बापापसून तोडायची न्हवती. रोज देवाला म्हणायची, देवा, तुझं माझं काई भांडण न्हाई. फकस्त मला तुझ्याकडं बोलावू नकोस.”

माझ्यापुढे घरंगळलेली एक मिरची उचलून मी तिच्या पोत्यावर ठेवली.

“तेहतीस वर्सं,” ती म्हणाली. “जालन्याला बहिणीच्या घरी नाताळ असायचा. मी दाराबाहेर बसायची. गाणी सुरू झाली की कानात बोटं घालायची. मला लई आवडायची गाणी. न जानो आवडीपायी देव मला उचलून न्यायचा.” आता तिचे हात थांबले. “आन तुमी आता येऊन म्हणता, तसं काई नसतंच?”

“मला वाटतं, नसतं.”

“मंग माझी तेहतीस वर्सं कोन देणार?”

ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि घरात गेली. मी अंगणात एकटा राहिलो. सुनीता दारातून म्हणाली, “आई आशी कधी उठून जात न्हाई. काय बोल्ला तुमी तिला?” माफी मागितली की माणूस हलका होतो, असं मी कित्येकांना सांगितलं होतं. मी हलका झालो नव्हतो. एकदा तिचा नवरा तिच्यापासून तोडला होता. आता त्याच्यासाठी तिनं जे सोसलं त्याचाही अर्थ काढून घेतला होता.

निघून जावं असं वाटलं. पण परतीच्या गाडीला वेळ होता. मी तिच्या पोत्यावरच्या मिरच्या ओढल्या आणि देठ मोडायला लागलो. पाच-सात मिरच्यांतच बोटं पेटली. घाम पुसताना हात डोळ्याला लागला, आणि मग काही विचारू नका. सुनीता पाण्याची बादली घेऊन धावली. डोळे धुऊन वर पाहिलं तर इस्तरबाई समोर उभी होती.

“देठ मोडायचं शिकायला पायजे, पाळकसाहेब,” ती म्हणाली आणि खाली बसली. मग तिनं तेच विचारलं, त्याच शब्दांत. “किसन कुठं हाय?”

“मला माहीत नाही, बाई.”

तिनं हातातल्या मिरचीचा देठ मोडून बाजूला टाकला.

“ह्ये बराबर बोल्लात,” ती म्हणाली. “त्या दिशी येवढंच बोल्ला असता तर मी तुमच्या खांद्यावर डोकं ठिवून रडले असते.” मग म्हणाली, “आन देव? त्यो हाय का?”

“आहे असं मला वाटतं. पण विहिरीत दुसऱ्यांदा उतरणाऱ्या माणसाला जो दाराबाहेर ठेवतो, तो देव असेल, तर मीही किसन असेल तिकडेच येईन.”

तिच्या तोंडाचं बोळकं हललं. ती हसत होती. “मंग लई गर्दी हुईल तिकडं.”

थोड्या वेळानं तिनं विचारलं, “तुमच्या बाई कशा हायत? त्या दिशी त्या मागं थांबल्या व्हत्या. तुमी बाहेर गेले तवा माझा हात धरून बसल्या. काईच बोल्ल्या न्हाईत.”

सुशीला मागे थांबली होती हे मला आठवत नव्हतं. मी बाहेर सायकलला पिशवी अडकवत उभा असेन.

“गेल्या वर्षी गेली,” मी म्हणालो.

इस्तरबाईनं ती कुठे आहे हे विचारलं नाही. प्रभूजवळ आहे, असंही म्हणाली नाही. तिनं आपलं पोतं सरकवलं, माझ्या शेजारी आली आणि मिरच्यांनी तिखट झालेल्या हातानं माझं मनगट धरून बसली. वर्षभरात मी कुणासमोर रडलो नव्हतो. त्या अंगणात रडलो. डोळ्यांत मिरची गेली होती, असं सुनीताला वाटलं असेल, तर वाटो.

त्या दिवशी त्यांनी मला जाऊ दिलं नाही. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि कच्चा कांदा. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ, नगरकडे मी ते कधी खाल्लं नाही. आमटी दोनदा मागून घेतली.

सकाळी स्टँडवर इस्तरबाई स्वतः आली, लेकीचा हात धरून. मी पुन्हा माफीचं बोलायला लागलो, तर तिनं अडवलं.

“माफ-बिफ मला जमायचं न्हाई. लई मोठं व्हतं ते. पण आलात ते बरं केलं.” गाडी लागत होती. “मी गेले की सुनीता फोन करंल. तवा या. दुसरं कोन आणू नका. प्रवचन करू नका.”

“मग काय करू?”

“कोनी विचारलं म्हातारी कुठं गेली, तर म्हणा, इतकी वर्सं धावड्यात व्हती. मिरच्या मोडायची. येवढं तर तुमाला ठावं हाय ना?”

मी हो म्हणालो. सुनीतानं माझा मोबाईल घेतला, त्यात स्वतःचा नंबर घातला आणि लागतो का ते बघायला तिथेच एकदा वाजवून पाहिला.